जुनी यादी आणि खरं गाव: वेल्समधल्या मखंथ्लेथचे चार दिवस

  आजचा भाग थोडा प्रवासाचा आहे, थोडा माझ्या फजितीचा आहे. बऱ्याच जणांनी सांगितलं होतं की लंडन, एडिनबरा सगळेच सांगतात, जरा आडबाजूचं काहीतरी सांग. तर आज आपण जाणार आहोत वेल्समधल्या एका छोट्याशा बाजाराच्या गावी.

गावाचं नाव आधी नीट ऐका: मखंथ्लेथ. यातला ‘ख’ आपला नाही, उर्दूतला घशातून येणारा. आणि ‘थ्ल’ हा मी आपला कामचलाऊ लिहितोय. खरा उच्चार असा की ‘ल’ म्हणताना जीभ जिथे टेकते तिथेच टेकवून ठेवायची, आणि आवाज न काढता जिभेच्या कडांनी नुसती हवा सोडायची. माझ्या आईला हे पहिल्या झटक्यात जमलं. मला चार दिवसांत जमलं नाही. गावातले लोक नुसतं ‘माख’ म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा.

गाव पॉविस जिल्ह्यात, डव्ही नावाच्या नदीच्या खोऱ्यात. वस्ती जेमतेम दोन हजारांच्या वर. आमच्या इंदापूर तालुक्यात याच्यापेक्षा मोठी गावं सहज सापडतील. पण या दोन हजारांच्या गावाला १२९१ सालापासून बाजार भरवायची सनद आहे. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने दिलेली, दर बुधवारी बाजार भरवायची. आणि तो बाजार आजही बुधवारीच भरतो. याच्यावर परत येतो.

आधी मी तिथे का गेलो ते सांगतो. जूनमध्ये आई-बाबा माझ्याकडे बर्मिंगहॅमला आले होते. बाबा आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे शिक्षक होते, तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले. रिटायर झाल्यापासून जरा गप्प गप्प असतात. आईच्या भाषेत, ‘पंखा तिसऱ्यांदा खोलून झाला, आता काय खोलणार?’ इंग्लंडात काय बघायचं म्हणून विचारलं तर राजवाडा नाही, क्रिकेटचं मैदान नाही. म्हणाले, ‘तू मागे तो पाण्यावर चालणारा डबा दाखवला होतास ना, तो बघू.’

तो डबा म्हणजे काय, ते सांगतो. मखंथ्लेथपासून पाचेक किलोमीटरवर पाटीच्या दगडाची, म्हणजे स्लेटची, एक बंद पडलेली खाण आहे. १९७३ मध्ये तिथे काही हौशी मंडळी राहायला आली आणि वीज, शेती, घरं हे सगळं निसर्गाला न ओरबाडता कसं करता येईल याचे प्रयोग सुरू केले. त्यातून सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह टेक्नॉलॉजी उभं राहिलं. पवनचक्क्या, सोलर, मातीच्या भिंतींचं व्याख्यानगृह, सगळं बघायला मिळायचं. आणि खालून वर जायला १९९२ पासून एक छोटी रेल्वे होती, डोंगराच्या कड्यावर ३५ अंशांच्या चढावरून तीसेक मीटर वर नेणारी. ही रेल्वे पाण्याच्या वजनावर चालायची. तिचा व्हिडिओ मी बाबांना कधीतरी फोनवर दाखवला होता. त्यांनी तो जपून ठेवला होता, हे मला माहीतच नव्हतं.

आता फजिती. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, माझ्याकडे सगळ्याच्या याद्या असतात. दोन वर्षांपूर्वी केलेली ‘वेल्समध्ये बघायच्या जागा’ अशी एक यादी होती. त्यात हे सेंटर पहिल्या नंबरवर, शेजारी तिकिटाचा दर, वेळा, सगळं. मी रेल्वेची तिकिटं काढली, चार रात्रींची खोली घेतली, हवामान बघितलं. एकच गोष्ट केली नाही. ती यादी अजून खरी आहे का, ते बघितलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी पोहोचलो. गेस्ट हाऊसच्या मालकीणबाईंनी चहा दिला आणि विचारलं, उद्या काय बेत? मी ऐटीत सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, ‘ते तर बंद झालं. नोव्हेंबर २०२३ मध्येच.’ खर्च वाढला, येणारे कमी झाले, म्हणून रोजच्या पर्यटकांसाठी दार बंद केलं. पदव्युत्तर अभ्यासक्रम चालू आहेत, आधी ठरवून येणारे गट येतात, पण असं तिकीट काढून आत जाणं बंद.

मी बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, ‘असू दे रे.’ ज्यांनी मराठी बाप पाहिलाय त्यांना ‘असू दे रे’चं वजन माहीत आहे. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्या बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. पूर्वी लोक त्या सेंटरसाठी यायचे आणि दोन रात्री राहायचे. आता बरेचसे एकच रात्र राहतात, डोंगर चढतात आणि निघतात. म्हणजे माझा एक बेत बुडाला होता, पण त्यांच्या व्यवसायातली एक रात्र गेली होती. हे माझ्या यादीत कुठे दिसणार?

असो. बुधवार उजाडला. सकाळी बाजार. गावाचा मुख्य रस्ता म्हणजे माएनग्विन स्ट्रीट. चांगला रुंद रस्ता आहे आणि त्याच्या कडेने स्टॉल लागतात. भाजी, पाव, चीज, रोपं, जुनी पुस्तकं, लोकरीचे मोजे, हत्यारं. आई एकदम खुशीत. ‘हा तर आपला आठवडी बाजारच की!’ आणि खरंच तसाच आहे. लोक खरेदीपेक्षा बोलायला जास्त येतात. कानावर वेल्श पडतं. आईने ‘बोरे दा’ म्हणजे सुप्रभात आणि ‘दिओल्ख’ म्हणजे धन्यवाद, हे दोन शब्द शिकून घेतले आणि ते सगळीकडे वापरले. एका आजींनी तिला कोथिंबिरीची जुडी फुकट दिली. आईच्या मते ती उच्चारासाठी होती.

रस्त्याच्या टोकाला घड्याळाचा मनोरा आहे, साधारण २४ मीटर उंच. गावातल्या बड्या जमीनदार घराण्याचा मुलगा वयात आला म्हणून त्याच्या सन्मानार्थ वर्गणी काढून बांधला. कोनशिला १८७४ ची. तो बघून बाबा पहिल्यांदा काहीतरी बोलले, ‘पोराच्या वाढदिवसाला घड्याळ. चांगलंय.’

त्याच रस्त्यावर १९६१ मध्ये लॉरा ॲशली या कपड्यांच्या ब्रँडचं पहिलं दुकान उघडलं होतं. कुटुंब दुकानाच्या वरच राहायचं. पुढे तो ब्रँड जगभर गेला. आणि जवळच एक जुनं वेस्लीयन चॅपल आहे, टॅबर्नॅकल. १९८६ मध्ये त्याचं कलाकेंद्र केलं. आता तिथे मैफिली होतात आणि शेजारी आधुनिक चित्रांचं संग्रहालय आहे. पाऊस आला तर तिथे शिरा. आणि पाऊस येतोच.

पण या रस्त्यावरची खरी जागा म्हणजे ओवाइन ग्लिन्डूरचं पार्लमेंट हाऊस. हा माणूस आपल्याकडे फारसा माहीत नाही. १६ सप्टेंबर १४०० ला याने स्वतःला वेल्सचा राजपुत्र म्हणून जाहीर केलं आणि इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठाव केला. १४०४ मध्ये त्याने मखंथ्लेथला वेल्सची संसद भरवली. आज दिसते ती दगडी इमारत त्यानंतरची आहे, जागा त्या संसदेची मानली जाते. आत प्रदर्शन आहे.

मला त्यात सगळ्यात भिडलं ते एक पत्र. ३१ मार्च १४०६ ला, इथून सहा-सात किलोमीटरवरच्या पेन्नाल गावातून, ग्लिन्डूरने फ्रान्सच्या सहाव्या चार्ल्स राजाला पत्र लिहिलं. युद्ध चालू आहे, मदत हवी आहे. पण त्या पत्रात फक्त फौज मागितलेली नाही. त्यात वेल्सचं चर्च कँटरबरीपासून स्वतंत्र असावं ही मागणी आहे, आणि वेल्समध्ये दोन विद्यापीठं असावीत, एक उत्तरेत आणि एक दक्षिणेत, असंही आहे. बघा म्हणजे! डोक्यावर तलवार लटकतेय आणि माणूस विद्यापीठांचा विचार करतोय. उठाव पुढे मोडला. ग्लिन्डूर मात्र कधीच पकडला गेला नाही, १४१२ नंतर तो दिसेनासाच झाला. इथून रेल्वेने अर्ध्या तासावरच्या अॅबरिस्टविथला विद्यापीठ कॉलेज निघालं ते १८७२ मध्ये. साडेचारशे वर्षं लागली. बाबा आयुष्यभर शिकवत आलेले. त्या पत्राच्या माहितीपुढे ते बराच वेळ उभे होते.

गुरुवारी आम्ही टॅक्सी करून कोर्स डव्हीला गेलो. हे दलदलीतलं अभयारण्य आहे आणि इथे ऑस्प्रे नावाचा शिकारी पक्षी घरटं करतो, पाण्यात सूर मारून मासा पकडणारा. या खोऱ्यातून तो चारशेहून जास्त वर्षं नाहीसा झाला होता. लोकांनी उंच खांबावर घरट्यासाठी फळी बांधून ठेवली आणि वाट बघितली. २०११ मध्ये तिथे तीन पिल्लं झाली, त्यांना जवळपासच्या नद्यांची नावं दिली. आता लाकडी वाटेवरून चालत जायचं आणि निरीक्षण मनोऱ्यावरून दुर्बिणीतून घरटं बघायचं. स्वयंसेवक मदतीला असतात. आम्ही गेलो तेव्हा नर मासा घेऊन आला, अर्धा स्वतः खाल्लेला होता. आई म्हणाली, ‘सगळीकडे सारखेच.’

इथे बाबा खुलले. आमचं गाव भिगवणपासून फार लांब नाही. उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात हाच पक्षी येतो. वेल्समधले मात्र आपल्याकडे येत नाहीत, ते सेनेगल, गाम्बियाकडे जातात. आपल्याकडे येणारे वेगळ्या भागातले. पण जात एकच. बाबांनी त्या स्वयंसेवक काकांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, ‘सेम बर्ड, माय व्हिलेज.’ त्या काकांनी उजनी कुठे आहे ते नकाशावर दाखवायला लावलं.

तिथून संध्याकाळी आम्ही बोर्थला गेलो, समुद्रकिनारा. ओहोटीला तिथे वाळूतून काळे बुंधे वर येतात. साडेचार हजार वर्षांहून जुन्या जंगलाचे बुंधे, पाईन, ओक, बर्च. समुद्र वर चढला आणि जंगल बुडालं. याच किनाऱ्याबद्दल एक दंतकथा आहे, कान्त्रेर ग्वायलोदची. समुद्राच्या जागी म्हणे एक सुपीक राज्य होतं, बांध घालून राखलेलं. बांधाचे दरवाजे सांभाळायला सायथेनिन नावाचा माणूस होता. एका रात्री तो दारू पिऊन पडला, दरवाजे उघडे राहिले आणि राज्य बुडालं. आमच्या भाषेत सांगायचं तर ऑन-कॉलवाला झोपला आणि प्रॉडक्शन गेलं.

मी हा विनोद केला, पण बाबा हसले नाहीत. ते बुंध्यांकडे बघत होते. आमच्या आजोबांचं जुनं घर उजनीच्या पाण्याखाली आहे. धरण पूर्ण झालं १९८० मध्ये, बाबा तेव्हा शाळेत होते. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तुमच्यापैकी काहींनी बघितलं असेल. बाबा म्हणाले, ‘इथे निदान दंतकथेत तरी सांगतात, कोणाच्या चुकीने बुडालं ते.’ यावर काय बोलणार? आम्ही गप्प परत फिरलो.

आता थोडं रेल्वेबद्दल, कारण इंजिनीअर मंडळींना यात रस वाटेल. मखंथ्लेथला रेल्वे आली जानेवारी १८६३ मध्ये. आज बर्मिंगहॅमहून थेट गाडी आहे, सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. मखंथ्लेथला ही गाडी दोन तुकड्यांत वेगळी होते, एक अॅबरिस्टविथला, एक किनाऱ्याने पुथ्लेलीला. तेव्हा कोणत्या डब्यात बसताय ते बघा.

खिडकीतून बघितलं तर या मार्गावर रुळांच्या कडेला नेहमीचे लाल-हिरवे सिग्नल नाहीत. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्यांदा इथे नवी युरोपीय यंत्रणा बसवली. किती वेगाने जायचं, कुठपर्यंत जायचं, हे रेडिओवरून थेट ड्रायव्हरच्या समोरच्या पडद्यावर येतं. आणि याचं नियंत्रण केंद्र या दोन हजारांच्या मखंथ्लेथमध्ये आहे.

२० ऑक्टोबर २०१७ ची घटना मी पूर्वी वाचली होती, तिथे बसून पुन्हा आठवली. आदल्या संध्याकाळी सिग्नलचा संगणक आपोआप रीस्टार्ट झाला. काही ठिकाणी तात्पुरत्या वेगमर्यादा लावलेल्या होत्या, त्यांचा डेटा रीस्टार्टनंतर लोडच झाला नाही. पण नियंत्रण केंद्रातला पडदा सांगत होता की सगळं लोड झालंय. सकाळी चार गाड्या तशाच गेल्या. एक गाडी एका फाटकाजवळ ताशी ८० किलोमीटरने आली, जिथे मर्यादा ३० ची होती. कोणाला काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं. आणि हे लक्षात कोणाच्या आलं? एका ड्रायव्हरच्या. त्याच्या लक्षात होतं की इथे मर्यादा असायला हवी, ती पडद्यावर नाही.

लगेच सांगतो, याच मार्गावर २१ ऑक्टोबर २०२४ ला टालेर्दिगजवळ दोन गाड्यांची टक्कर झाली आणि एका प्रवाशाचा जीव गेला. ते कारण वेगळं होतं. रूळ निसरडे होते आणि चाकांपुढे वाळू सोडणाऱ्या नळ्या तुंबलेल्या आढळल्या. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘तुमचा कंप्युटर कितीही मोठा असू दे, नळी साफ आहे का ते हाताने बघावं लागतं.’

मला माझी यादी आठवली. माझा पडदाही सांगत होता, सगळं ठीक आहे.

शुक्रवारी आम्ही किनाऱ्याच्या गाडीने टविनला गेलो. इथे टॅलिथ्लिन रेल्वे आहे, स्लेट वाहायला १८६५ च्या सुमाराला बांधलेली छोटी रेल्वे, दोन फूट तीन इंच गेजची. १९५० मध्ये मालक वारले, ती बंदच पडणार होती. तेव्हा काही लोकांनी ठरवलं की आपण चालवू, पगार न घेता. १४ मे १९५१ ला त्यांची पहिली गाडी सुटली. जगातली ही पहिली रेल्वे, जी स्वयंसेवकांनी वाचवून चालवली. इंजिनांची अवस्था वाईट होती. तेव्हा शेजारची कॉरिस रेल्वे १९४८ मध्ये बंद झाली होती आणि तिची दोन इंजिनं मखंथ्लेथ स्टेशनच्या आवारात पडून होती. गेज नेमकं तेच! २५ पौंडांना एक, अशी दोन्ही घेतली. ती अजून चालतात. थॉमस द टँक इंजिनच्या गोष्टी लिहिणारे ऑड्री इथे सुरुवातीच्या काळात स्वयंसेवक होते, त्यांच्या गोष्टींतली डोंगरातली छोटी रेल्वे ही हीच.

साडेअकरा किलोमीटरचा प्रवास आहे, डोलगॉखला धबधबा लागतो, उतरून बघता येतो. पण मला धबधब्यापेक्षा टविनच्या फलाटावरचं आठवतं. इंजिनावर दोन माणसं होती, निळे डगले, हातात चिंध्या, दोघंही साठीच्या पुढचे. बाबा जाऊन उभे राहिले. एका काकांनी विचारलं, ‘रेल्वेत होता का?’ बाबा म्हणाले, ‘नो. फिटर. टीचर.’ आणि मंडळी, पुढची दहा मिनिटं मी बघत राहिलो. बाबा बोट दाखवायचे, ते काका इंग्रजीत सांगायचे, बाबा मराठीत मान डोलवायचे. बॉयलरमध्ये दाबाच्या विरुद्ध पाणी कसं ढकलतात, व्हॉल्व्ह कसा बसवतात. मला निम्मं कळलं नाही. त्या काकांनी शेवटी सांगितलं की ते नोकरीत असताना हिशेबनीस होते, रिटायर झाल्यावर हे शिकले. बाबा परत येताना गाडीत म्हणाले, ‘पासष्टाव्या वर्षी शिकला म्हणे. हिशेबनीस!’ हे वाक्य ते घरी पोहोचेपर्यंत तीनदा म्हणाले.

शनिवारी कॉरिसला गेलो, मखंथ्लेथच्या उत्तरेला बसने जाता येतं. १९४८ मध्ये बंद पडलेली ती कॉरिस रेल्वे? ती पण स्वयंसेवकांनी परत उभी केली. २००२ पासून पुन्हा प्रवासी गाडी, जुन्या धर्तीवर बांधलेलं वाफेचं इंजिन २००५ पासून. मार्ग छोटासाच आहे, पण कारखाना दाखवतात. गावाजवळ जुन्या स्लेटच्या खाणीत किंग आर्थर्स लॅबिरिंथ आहे, भूमिगत पाण्यातून होडीने नेतात आणि बोगद्यांत जुन्या वेल्श गोष्टी सांगतात. लहान मुलं असतील तर नक्की जा. आत गारठा असतो, स्वेटर न्या.

आणि कॉरिसला जाताना बस त्या बंद सेंटरच्या रस्त्यानेच जाते. मी मुद्दाम काही बोललो नाही. बाबांनी खिडकीतून बघितलं, आणि मला तो डबा कसा चालतो ते समजावून सांगितलं. दोन डबे, एक वर, एक खाली, मध्ये चाकावरून गेलेली दोरी. वरच्या डब्याच्या पोटात टाकी. खाली किती माणसं बसली ते विचारायचं, आणि वरच्या टाकीत तेवढं पाणी भरायचं की तो जड होईल. ब्रेक सोडला की जड डबा खाली येतो, हलका वर जातो. खाली आल्यावर पाणी सोडून द्यायचं. इंजिन नाही, वीज नाही. डोंगरावरून पाणी येत राहिलं पाहिजे, बस. मी विचारलं, ‘बाबा, तुम्हाला हे सगळं माहीत होतं तर बघायचं काय होतं?’ ते म्हणाले, ‘ब्रेक कसा लावलाय ते.’

तर मंडळी, जाणार असाल तर थोडं कामाचं सांगतो. बुधवार धरून जा. मे महिन्याच्या सुरुवातीला गावात विनोदी कार्यक्रमांचा मोठा महोत्सव असतो, तेव्हा खोल्या मिळत नाहीत. ऑस्प्रे बघायचे तर एप्रिल ते ऑगस्ट. चालणाऱ्यांसाठी ग्लिन्डूरच्या नावाची २०० किलोमीटरहून लांब पायवाट गावातून जाते, आणि उत्तरेला ८९३ मीटरचा काडेर इद्रिस डोंगर आहे, आमच्या गुडघ्यांनी तो खालूनच बघितला. छोट्या रेल्वे रोज धावत नाहीत. पार्लमेंट हाऊसच्या वेळाही ऋतूप्रमाणे बदलतात.

आणि प्रत्येक जागेला निघायच्या आधी फोन करा. अशा जागा एकेक करून बंद होतायत. ३१ मार्च २०२५ ला वेल्सच्या नैसर्गिक संसाधन खात्याने तीन पर्यटक केंद्रांमधली उपाहारगृहं आणि दुकानं बंद केली, त्यातलं एक याच खोऱ्याच्या तोंडाशी, अनिसलासला. वाळूच्या टेकड्या आहेत तिथेच, पण आत जाऊन चहा मिळेल असं धरून चालू नका. आणि जे उघडं आहे तिथे तिकीट काढा, एक रात्र जास्त राहा, बाजारातून चीज घ्या. आपल्यासाठी ती सुट्टी असते, त्यांचं वर्ष त्याच्यावर चालतं.

शेवटचं एक सांगतो आणि थांबतो. आई-बाबा जुलैमध्ये परत गेले. मागच्या महिन्यात आईचा व्हिडिओ कॉल आला, म्हणाली, ‘हे बघ काय चाललंय.’ आमच्या अंगणातल्या जिन्याला दोन लोखंडी पट्ट्या टेकवलेल्या, वर सायकलची रिम, तिच्यावरून दोरी आणि तेलाचे दोन डबे. शेजारची चार पोरं जमलेली. वरच्या डब्यात बाबा तांब्याने पाणी ओततायत, पोरं खालच्या डब्यात विटा ठेवतायत. पहिल्यांदा डबा एवढ्या जोरात आला की तुळशीचं वृंदावन थोडक्यात वाचलं.

मी म्हटलं, ‘बाबा, मस्त झालंय!’

ते कॅमेऱ्याकडे न बघताच म्हणाले, ‘ब्रेकचं जमत नाहीये अजून. ते सेंटर परत उघडलं की कळव. आणि या वेळी फोन करून विचार.’

विचारतो, बाबा. चला मंडळी, भेटूया पुढच्या भागात.